बाधित गायीचे काय करायचे? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दुभत्या जनावरांतील क्षयरोगाच्या नियंत्रणासाठी राज्याचे स्वतंत्र धोरण ठरविण्याबाबत.

महोदय,

माणसांमधील क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी भारताने २०२५ हे लक्ष्यवर्ष ठरविले होते आणि त्यासाठी थुंकीच्या तपासणीपासून मोफत औषधांपर्यंत आणि रुग्णाच्या आहारासाठीच्या अनुदानापर्यंत मोठी यंत्रणा गावपातळीवर उभी राहिली. त्याच गावातल्या गोठ्यांमध्ये मात्र याच कुळातील जिवाणूचा शोध घेणारा कोणताही नियमित कार्यक्रम नाही. केंद्र शासनाने २०१९ साली सुमारे १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तोही लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांपुरता होता. गोवर्गीय क्षयरोग २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहे, म्हणजे त्याची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे; परंतु ज्याचा शोधच घेतला जात नाही त्याची खबर देणार कोण, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत पत्राचा आग्रह केवळ तपासणी सुरू करण्याचा नाही. तपासणीत बाधित ठरलेल्या गायीचे पुढे काय करायचे, याचे उत्तर शासनाने पहिली सुई टोचण्यापूर्वी जाहीर करावे, कारण त्या उत्तराशिवाय केलेली तपासणी रोग आटोक्यात आणण्याऐवजी तो गावोगाव पोहोचवते, हे या पत्राचे मुख्य प्रतिपादन आहे.

गोवर्गीय क्षयरोग प्रामुख्याने ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ या जिवाणूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधलेल्या मानवी क्षयरोगाच्या जिवाणूचा तो जवळचा नातेवाईक असून थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ साली या दोहोंतील फरक स्पष्ट केला. बंदिस्त गोठ्यात बाधित जनावराच्या श्वासातून आणि खोकल्यातून उडणारे सूक्ष्म तुषार शेजारच्या जनावराच्या श्वासात जातात, सामाईक गव्हाणीतून आणि पाण्याच्या हौदातून संसर्ग होतो आणि वासरांना तो कच्च्या दुधावाटे मिळतो. रोगाची चाल इतकी संथ असते, की बाधित गाय दोन-तीन वेतांपर्यंत धडधाकट दिसते व नेहमीसारखे दूध देते. खंगणे, रेंगाळणारा खोकला, गळ्याकडच्या गाठी वाढणे आणि दूध आटणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत दावणीतील इतर अनेक जनावरे बाधित झालेली असतात. घटसर्प किंवा फऱ्या यांसारखे रोग दोन दिवसांत जनावर मारून शेतकऱ्याला जागे करतात, तसे क्षयरोग करत नाही आणि धोरणातही त्याची दखल न घेतली जाण्याचे हेच एक मोठे कारण आहे.

या रोगाचा भारतातील अभ्यास नवा नाही. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीतील, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेतील, लिस्टन आणि सोपारकर या संशोधकांनी भारतीय दुभती जनावरे क्षयरोगाला कितपत बळी पडतात याविषयीचे संशोधन १९१७ सालीच प्रसिद्ध केले होते. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१८ साली, देशभरातील ४४ अभ्यासांतील ८२,४१९ गायी-म्हशींच्या नोंदी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात बाधितांचे प्रमाण सरासरी ७.३ टक्के आढळले आणि त्यावरून देशातील बाधित जनावरांची संख्या सुमारे २ कोटी १८ लाख असावी असा अंदाज बांधण्यात आला. हे अभ्यास देशाच्या सर्व भागांत सारख्या प्रमाणात झालेले नसल्यामुळे तो आकडा जसाच्या तसा एखाद्या जिल्ह्याला लावता येत नाही. तरीही त्याचे आकारमान लक्षात येण्यासाठी एवढे पुरेसे आहे, की २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील सर्व गायी, बैल आणि म्हशी मिळून होणारी संख्या त्याहून कमी भरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब जातीची आणि गोठ्याच्या रचनेची आहे. गेल्या पाच दशकांत संगमनेर, राहाता, बारामती, शिरूर, जुन्नर, करवीर अशा तालुक्यांत होल्स्टीन फ्रिजियन संकरित गायींवर आधारलेला दुग्धव्यवसाय उभा राहिला आणि कोरडवाहू शेतीत हातात रोख पैसा देणारा हा व्यवसाय अनेक कुटुंबांचा आधार ठरला. इथिओपियातील अभ्यासांत होल्स्टीन जातीची जनावरे स्थानिक वशिंडाच्या गायींपेक्षा या रोगाला अधिक बळी पडतात असे दिसून आले आहे. शिवाय छोट्या जागेत दाटीने बांधलेली, वर्षभर गोठ्यातच राहणारी जनावरे हा हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी अनुकूल परिसर असतो, मग तो गोठा पश्चिम महाराष्ट्रातील असो की मुंबईच्या उपनगरातील म्हशींचा तबेला. अधिक दुधासाठी केलेले प्रयत्नच रोगाला वाट करून देतात, म्हणून दुग्धविकासाच्या प्रत्येक योजनेत रोगनियंत्रणाचा खर्च पहिल्यापासून धरला गेला पाहिजे.

माणसांना असलेल्या धोक्याविषयी अतिशयोक्ती आणि दुर्लक्ष या दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात. प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या क्षयरोगाचे २०१६ साली जगात सुमारे १ लाख ४७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे १२,५०० मृत्यू झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. मानवी क्षयरोगाच्या एकूण संख्येपुढे हा आकडा लहान आहे, परंतु या रुग्णांचे निदान आणि उपचार दोन्ही अडचणीचे ठरतात. दुधातून होणारा संसर्ग पुष्कळदा फुप्फुसाऐवजी आतड्यांत किंवा मानेच्या गाठींत, म्हणजे जुन्या भाषेत ज्याला कंठमाळ म्हणत त्या स्वरूपात, प्रकट होतो. दवाखान्यांतील नेहमीच्या चाचण्या क्षयरोगाचे जिवाणूकुळ ओळखतात, पण ते माणसाचे आहेत की गुरांचे हे सांगत नाहीत. आणि पहिल्या दोन महिन्यांत दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड या औषधाला मायकोबॅक्टेरियम बोव्हिस उपजतच दाद देत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील ९४० नमुन्यांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीसीजी लसीतील प्रकार सोडता बोव्हिस एकाही नमुन्यात आढळला नाही. मात्र सात नमुन्यांत ‘मायकोबॅक्टेरियम ओरिगिस’ हा गुरांमध्ये आढळणारा दुसरा जिवाणू सापडला. म्हणजे केवळ बोव्हिस शोधून तो न मिळाल्याचे समाधान मानणे ही पद्धतच अपुरी आहे.

रोग ओळखण्याची रूढ पद्धत ट्युबरक्युलिन चाचणी ही होय. जनावराच्या मानेवर दोन ठिकाणचे केस कापून त्वचेच्या घडीची जाडी कॅलिपर या मोजपट्टीने मोजली जाते. एका ठिकाणी गोवर्गीय आणि दुसऱ्या ठिकाणी पक्षीवर्गीय क्षयजिवाणूंपासून काढलेले शुद्ध प्रथिन त्वचेच्या थरात, प्रत्येकी एक दशांश मिलिलिटर, टोचले जाते आणि बरोबर ७२ तासांनी त्याच दोन जागा पुन्हा मोजल्या जातात. गोवर्गीय प्रथिनाच्या जागेची सूज दुसरीपेक्षा चार मिलिमीटरहून अधिक भरली, तर जनावर बाधित धरले जाते. पक्षीवर्गीय प्रथिन तुलनेसाठी आवश्यक असते, कारण माती-पाण्यातील निरुपद्रवी क्षयसदृश जिवाणूंच्या संपर्कामुळेही सूज येते आणि आपल्या हवामानात असे जिवाणू विपुल आहेत. काही मिलिमीटरच्या या फरकावर एका कुटुंबाचे उत्पन्न अवलंबून असल्यामुळे चाचणी करणारा हात प्रशिक्षित हवा आणि पशुवैद्यकाने तीन दिवसांनी त्याच गोठ्यात परत जायला हवे. ही चाचणी राज्याला अपरिचित नाही. गोठीत रेतन मात्रा तयार करणाऱ्या केंद्रांतील वळूंची क्षयरोगासाठी नियमित तपासणी केंद्राच्या किमान मानकांनुसार अनिवार्य आहे. वळूसाठी जे सक्तीचे आहे, ते लाखो गायींसाठी विचारातही घेतले जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अल्पभूधारक शेतकऱ्याकडे तीन गायी आहेत, त्यांपैकी दिवसाला पंधरा लिटर दूध देणारी दुसऱ्या वेताची गाय चाचणीत बाधित ठरली आणि पशुवैद्यक तसे सांगून निघून गेला, अशी परिस्थिती गृहीत धरावी. या गायीवर मानवी क्षयरोगासारखा औषधोपचार करणे खर्चाच्या आणि औषधरोधाच्या दृष्टीने योग्य नसते. तिची कत्तल १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्यात रोगप्रसार रोखण्यासाठी दयामरणाची तरतूद असली, तरी डोळ्यांना धडधाकट दिसणाऱ्या दुभत्या गायीसाठी ती वापरणे व्यवहारात आणि लोकभावनेत जवळपास अशक्य आहे. तिला वेगळे बांधावे तर दुसरा गोठा नाही, दूध बंद करावे तर बँकेचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी त्या कुटुंबासमोर एकच सोपा मार्ग उरतो आणि तो म्हणजे आठवडी बाजार. गाय विकली जाते, घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसते आणि पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या तालुक्यातील निरोगी दावणीला बांधली जाते. यात शेतकऱ्याला दोषी ठरविणे अन्यायाचे होईल, कारण नुकसान एकट्याने सोसण्याची अपेक्षा ज्या व्यवस्थेने त्याच्याकडून ठेवली, त्याच व्यवस्थेने त्याला या व्यवहाराकडे ढकललेले असते.

पाश्चात्त्य देशांनी हा रोग प्रामुख्याने ‘तपासा आणि मारा’ या पद्धतीने हटविला. अमेरिकेने १९१७ साली संघ व राज्य शासनांचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला, लाखो जनावरे मारली, त्यांची भरपाई दिली आणि १९४० पर्यंत प्रत्येक काउंटीतील बाधितांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली आणले. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये सुरू केलेली मोहीम १९९७ साली रोगमुक्तीच्या घोषणेपर्यंत नेली. या यशोगाथांतही भरपाई असूनसुद्धा विश्वास न मिळवल्याची किंमत मोजावी लागली, हे विसरता येत नाही : १९३१ साली आयोवा राज्यातील सीडर काउंटीतील शेतकऱ्यांनी सक्तीच्या तपासणीला इतका कडवा विरोध केला, की तेथे नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीचा मार्ग बंद आहे आणि तो उघडण्याची मागणी या पत्रात केलेली नाही. मात्र मार्ग बंद आहे म्हणून नियंत्रणच अशक्य आहे, हा समज इतिहासाला धरून नाही.

डेन्मार्कचे पशुवैद्यक बर्नहार्ड बांग यांनी १८९० च्या दशकात सरसकट कत्तल न करता रोग हटविण्याची पद्धत सिद्ध केली, कारण तेथील कळपांत बाधितांचे प्रमाण इतके मोठे होते, की सगळी मारणे परवडणारे नव्हते. त्यांनी चाचणीच्या आधारे कळपाचे बाधित आणि निरोगी असे दोन भाग केले, दोहोंसाठी वेगळा गोठा, वेगळी भांडी आणि शक्यतो वेगळा माणूस ठेवला, बाधित गायींची वासरे जन्मताच बाजूला काढून त्यांना तापविलेले दूध पाजले आणि निरोगी भागाची चाचणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केली. बाधित गायी दूध देत आपले आयुष्य पुरे करतात आणि त्यांच्या जागी निरोगी कालवडी येतात, त्यामुळे कळप काही वर्षांत स्वच्छ होतो. ही पद्धत संथ आहे आणि तिला शिस्त लागते, परंतु महाराष्ट्राच्या कायद्याशी, अर्थकारणाशी आणि श्रद्धेशी तिचा कोणताही विरोध नाही.

तिच्यासाठी लागणारी बहुतेक साधने राज्याकडे आधीच आहेत. पहिले साधन भरपाईचे होय. २०२२ साली लम्पी चर्मरोगाच्या साथीत मृत गायीसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये देण्याचा निर्णय राज्याने तातडीने घेतला आणि रोग लपविण्याची प्रवृत्ती वाढू न देता शेतकऱ्याला सोबत घेता येते हे दाखवून दिले. क्षयरोगात गाय जिवंत राहते, म्हणून येथे भरपाईचे रूप वेगळे असावे : वेगळ्या गोठ्यासाठी साहाय्य, दुधाच्या दरातील तुटीची भरपाई आणि गाय सोडून द्यायची असल्यास शासनानेच ती ठरलेल्या किमतीला ताब्यात घेण्याची हमी. बाजारातील दलाल देतो त्याहून ही रक्कम फारशी कमी नसेल, तरच गाय बाजारात जाणार नाही.

दुसरे साधन जनावराच्या कानातील बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. २०२४ साली दुधाच्या लिटरमागील अनुदानासाठी राज्याने या बिल्ल्याची नोंद आवश्यक केली, म्हणजे पैसे आणि ओळख यांची सांगड घालण्याचा अनुभव विभागापाशी आहे. त्याच नोंदीत चाचणीचा दिनांक व निकाल जोडावा आणि बाजार समितीच्या आवारात खरेदी-विक्रीची पावती करताना तो तपासला जावा. चाचणीत निरोगी ठरलेल्या गायीला अधिक भाव मिळू लागला, की सक्तीची गरज बरीच कमी होईल, कारण घेणारा स्वतःच दाखला मागेल.

तिसरे साधन गोशाळा आणि पांजरपोळ हे होत आणि त्यांच्याबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी. वेगवेगळ्या गावांतून आलेली म्हातारी, भाकड, अशक्त जनावरे एकत्र राहतात तेथे क्षयरोग शिरला, तर तो दीर्घकाळ मुक्काम करतो. देशी गायींच्या पोषणासाठी गोशाळांना प्रत्येक गायीमागे दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. या अनुदानाला वार्षिक चाचणीची आणि बाधितांच्या विलगीकरणाची अट जोडणे हा गायीच्या सेवेचाच भाग ठरेल. त्याचबरोबर शासनाने ताब्यात घेतलेल्या बाधित गायींसाठी प्रत्येक विभागात निदान एक स्वतंत्र गोशाळा, केवळ बाधितांसाठी, राखून ठेवावी. इतर गोशाळांत त्यांना पाठविल्यास रोगाचे केवळ स्थलांतर होईल.

दुधाविषयी लोकांना घाबरविण्याचे कारण नाही. पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापविले जाते आणि त्यात हा जिवाणू मरतो. घरोघरी दूध उकळण्याची आपली सवय हेच काम करते. धोका उरतो तो न तापविलेल्या दुधात. धारोष्ण दूध बलवर्धक असते ही समजूत, कच्च्या दुधाला विरजण लावण्याची काही ठिकाणची पद्धत आणि गोठ्यातल्या गोठ्यात लहान मुलांना पेलाभर दूध देण्याचा जिव्हाळा यांविषयी आशा सेविका आणि दूध संस्थांच्या सचिवांमार्फत स्पष्ट बोलले पाहिजे. बाधित गायीचे दूध स्वतंत्र कॅनमधून थेट पाश्चरीकरणाकडे जाईल आणि तिच्या वासराला तापविलेले दूधच मिळेल, ही व्यवस्था संकलन केंद्रावर बसविता येण्याजोगी आहे. गोठ्याच्या रचनेतही सुधारणा हवी. राज्यातील अनेक दूध उत्पादकांनी स्वीकारलेला मुक्त संचार गोठा, ज्यात जनावरे दाव्याला न बांधता मोकळ्या, हवेशीर कुंपणात फिरतात, हा हवेतून होणारा प्रसार कमी करणारा आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे.

लसीकरणाचा पर्यायही आता दूरचा राहिलेला नाही. कालमेट आणि गेरँ यांनी गोवर्गीय जिवाणूलाच तेरा वर्षे प्रयोगशाळेत वाढवून सौम्य केले आणि १९२१ साली माणसांसाठी वापरलेली बीसीजी लस त्यातून तयार झाली. तिचा वापर वासरांमध्ये केल्यास काय होते, याचा इथिओपियातील कळपांत झालेला अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लस घेतलेली जनावरे स्वतः सुरक्षित राहण्याबरोबरच बाधित झाली तरी रोग कमी पसरवतात आणि दोन्ही परिणाम मिळून लसीची एकूण परिणामकारकता ८९ टक्क्यांच्या आसपास असल्याचे त्यात दिसले. आजवर अडचण अशी होती, की लस घेतलेले जनावर ट्युबरक्युलिन चाचणीतही बाधित दिसते. त्यावर उपाय म्हणून बीसीजीत नसलेल्या, पण रोगकारक जिवाणूत असलेल्या ‘ईसॅट-६’ आणि ‘सीएफपी-१०’ यांसारख्या प्रथिनांवर आधारलेली नवी त्वचाचाचणी विकसित झाली आहे. केंद्र शासन, बरेलीजवळील इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आणि नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्या साहाय्याने वासरांतील लसीकरणाचा नियंत्रित प्रयोग राज्यात हाती घेता येईल. लस आधीच बाधित झालेल्या गायीला बरे करत नाही, म्हणून ती विलगीकरणाची जागा घेऊ शकत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागेल.

या साऱ्यात आरोग्य विभागाचा सहभाग अपरिहार्य आहे. गोठा बाधित ठरल्यास त्या कुटुंबाची व मजुरांची तपासणी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांनी करावी आणि गोपालक कुटुंबात क्षयरुग्ण आढळल्यास तेथील जनावरांची तपासणी पशुधन विकास अधिकाऱ्यांनी करावी, कारण संसर्ग माणसाकडून गुरांनाही होतो. शेण काढणे, धारा काढणे, वासरे सांभाळणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करत असल्याने या तपासणीत त्यांना प्राधान्य असावे.

राज्यभर एकाच वेळी मोहीम काढण्याइतके मनुष्यबळ पशुसंवर्धन विभागाकडे नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच सुरुवात लहान असावी. सहकारी दूध संघ भक्कम असलेला एक तालुका, त्यातील स्वेच्छेने पुढे येणारे गोठे आणि तेथील सर्व गोशाळा निवडाव्यात, औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे निदानाची जबाबदारी द्यावी, पाच वर्षे एकाच कळपाची पुन्हा पुन्हा चाचणी व्हावी आणि निकाल, मग ते अनुकूल असोत वा नसोत, दरवर्षी जाहीर केले जावेत. भरपाईची रक्कम, बाधित गायींची गोशाळा आणि बिल्ल्यावरील नोंद या तीन गोष्टींचा शासन निर्णय पहिल्या चाचणीपूर्वी निघालेला असावा. तो निघणार नसेल, तर चाचण्या सुरू न केलेल्याच बऱ्या. येत्या अर्थसंकल्पात या एका तालुक्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्यात भरपाईची तरतूद सर्वप्रथम करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
दुग्धव्यवसाय व लोकआरोग्य या विषयांचा एक अभ्यासक